लाकडाला लायसन लागत नाही

आमच्या घरातल्या रायफलीचे दोन तुकडे पंचांनी केले. चोरांनी नाही की गंजानं नाही. गावातल्या शहाण्या माणसांनी, दिवसाढवळ्या, चहा पीत केले. लोखंड माझ्या वडिलांकडं निमोण्यात राहिलं आणि लाकूड धाकट्या चुलत्यांबरोबर दौंडला गेलं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, चुलत्यांना आप्पा. दोघा भावांचं येणंजाणं तुटलं ते त्या दिवशी, आणि पुढं माझी दाढी पांढरी व्हायला लागली तरी तुटलेलंच होतं.

रायफल आजोबांची. फौजेतून सुटून आल्यावर त्यांनी घेतलेली. रानडुकरं भुईमूग उकरतात म्हणून पिकाच्या राखणीसाठी लायसन मिळालं होतं. तिनं किती डुकरं मारली ते देव जाणे. मला तिचा आवाज एकदाच आठवतो आणि तो बारही हवेत काढलेला. पण आजोबांच्या माघारी ती घरात होती म्हणजे आजोबा घरात होते. लायसन थोरला म्हणून आबांच्या नावावर चढलं.

वाटणीच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. विहिरीच्या पाळ्या ठरल्या, जनावरं ठरली, तांब्याचे हंडेसुद्धा ठरले. पंच उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आप्पा म्हणाले, “बंदुकीचं काय?”

आबा म्हणाले, “लायसन माझ्या नावावर हाय. तुला हात लावता येत न्हाई.”

“लायसन तुझं आसंल, दादा. पन बंदूक बापाची हाय. बापात माझा वाटा न्हाई का?”

मग पंचांतले एक आबांच्या वयाचे मामा हसत हसत म्हणाले, “मग करा की वाटा. लोखंड थोरल्याला, लाकूड धाकट्याला. लाकडाला लायसन लागत न्हाई.”

चेष्टा होती. सगळे हसले. आबा हसले नाहीत. आमचे आबा तसे शांत, पण डोकं फिरलं की समोरचा खरं बोलतोय की थट्टा करतोय हे त्यांना कळायचं नाही. ते आत गेले, रायफल आणली आणि पेचकस मागितला. रायफलीचं लाकूड म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता आणि नळीखाली पुढं गेलेला लांब भाग, सगळं एकाच तुकड्यातलं. त्यावर लोखंड बसतं आणि खालून दोन स्क्रू त्याला धरून ठेवतात. आबांनी ते दोन्ही स्क्रू सोडवले, लाकूड वेगळं केलं आणि आप्पांच्या पुढ्यात सतरंजीवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आप्पा पांढरे पडले. ते उठून देव्हाऱ्यापाशी गेले, बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलून बाहेर आले आणि सगळ्यांदेखत बोलले, “या लाकडाला ह्ये लोखंड पुन्हा लागत न्हाई, तवर तुझा उंबरा चढनार न्हाई.”

आमच्या भागात बेलभंडारा उचलणं म्हणजे शेवट. कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनदिक्कत खोटं बोलणारी माणसं मी पाहिलीत, पण खंडोबाच्या भंडाऱ्यावर खोटं बोलणारा अजून पाहिला नाही. आप्पा लाकूड काखेत मारून निघून गेले. त्यांच्या वाट्याची जमीन त्यांनी पुढं विकली आणि दौंडच्या बाजूला, सासुरवाडीजवळ, भीमेकाठी घेतली.

मी त्या वेळी आयटीआयला होतो. आता शिक्रापूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. केसाएवढा फरक पडला तर माल परत पाठवणारी आमची जात. म्हणूनच की काय, या दोन भावांचा मला नेहमी संताप यायचा. दोन स्क्रूंचं काम. पण मध्ये कुणी नातेवाईक पडला की आबा म्हणायचे, “त्यानं लाकूड पाठवावं, मी जोडतो.” आणि आप्पांचा निरोप यायचा, “त्यानं लोखंड पाठवावं, मी जोडतो.” लोखंड लायसनवाल्याला सोडून दुसऱ्याच्या घरी जाऊ शकत नाही, हे आप्पांना चांगलं ठाऊक होतं. उगाच नाही पाठवायचे तसला निरोप.

निवडणूक लागली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आबा दर निवडणुकीला ती नागवी नळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून शिरूरला घेऊन जायचे. तिथला जमादार विचारायचा, “लाकूड कुठंय, आबा?” आबा म्हणायचे, “वाटणीत गेलं.” जमादार बदलायचे, प्रश्न तोच आणि हसूही तेच. आबांना ते हसू लागायचं. ठाण्यातून आले की त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

आजी वारली तेव्हा आप्पा आले, पण घरी नाही. थेट नदीवर. चितेच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला आप्पा. आईला अग्नी देतानाही या दोघांची नजर एक झाली नाही. मला वाटलं होतं, तिथं तरी काहीतरी होईल. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

गेल्या वर्षी आबांनी अंथरूण धरलं. छातीत पाणी होत होतं, काढलं की पुन्हा होत होतं. शिरूरच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं आणि मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितलं. घरी न्या याचा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही कळतो. आबांनाही कळला. गाडीत त्यांनी माझा हात धरला आणि एवढंच म्हणाले, “धाकट्याला बोलव.”

नंतर ते दुसरं काही मागेनात. औषध द्यायला गेलं की, “बोलवलं का?” पाणी पाजायला गेलं की, “काय म्हनला?” मी फोन केला तर आप्पा पलीकडून म्हणाले, “भंडारा उचललाय मी. कसा येऊ?” मी म्हटलं, “माणूस चाललंय, आप्पा.” पुन्हा तेच: “कसा येऊ?” मी फोन ठेवला नाही, आपटला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकली आणि मोटरसायकलला किक मारली. न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला, तिथून पुढं दौंड. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. प्रत्येक ट्रॉलीमागं अडकलो की मनातल्या मनात आप्पांशी भांडत होतो. लाकूड घेतल्याशिवाय हलायचं नाही, वेळ आली तर पाय धरायचे, तेवढ्यानं भागलं नाही तर शिव्या द्यायच्या, असं ठरवून गेलो होतो.

दोन्हीची वेळ आली नाही. आप्पा ओट्यावर बसले होते. केवढे वाळले होते! मला बघून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “कसं हाय?” मी सांगितलं. काकूंनी पाणी आणलं, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी लाकडाचा विषय काढला, तेव्हा त्या चटकन आत निघून गेल्या. मला वाटलं, डोळे पुसायला गेल्या.

आप्पा आतून खताच्या गोणीत गुंडाळलेलं लाकूड घेऊन आले. माझ्या हातात देताना जरा घुटमळले. “जोड. जुळलं तर फोन कर. मी येतो.”

जुळलं तर, असं ते म्हणाले. मी ऐकलं, पण कानाआड केलं. माझं काम झालं होतं. निघताना काकू मोटरसायकलपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “दवाखान्यात व्हते तवा ह्ये गेले व्हते शिरूरला. गेटापस्नं माघारी आले.” दवाखान्याला कसला आलाय उंबरा? मग आत का नाही गेले? तेव्हा मला ते कोडंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

घरी आलो. आबांची खाट आतल्या खोलीत होती. बाहेर पडवीत मी पोतं अंथरलं, हत्यारं मांडली, कपाटातून लोखंड काढलं. काडतुसं घरात नव्हतीच, कित्येक वर्षं घेतली नव्हती. तरी सवयीनं नळी उजेडाकडं धरून आरपार बघितली. आबांनी लोखंड बाकी जपलं होतं. दर खंडेनवमीला फुलं वाहायचे, पण हळदीकुंकवाचं बोट ते नळीला लागू द्यायचे नाहीत, शेजारच्या नारळाला लावायचे.

गोणी सोडली. लाकूड चांगलं होतं, पॉलिश केलेलं, कुठं कीड नाही. लोखंड वर ठेवलं. बसेना.

आतून आबांचा आवाज आला, “बसलं का?”

“बसतंय,” मी म्हटलं.

इतकी वर्षं लाकूड आणि लोखंड वेगळं राहिलं की असं होणारच, असं मी धरून चाललो. लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हात आकसतं, पिळवटतं. भीमेकाठची हवा वेगळी, आमच्याकडची वेगळी. लोखंड मात्र आहे तसंच राहतं. म्हणून पहिल्यांदा कुठं अडतंय ते शोधायचं. कारखान्यात यासाठी निळा रंग असतो. घरी आईला म्हटलं, दिवा लाव आणि ताटलीवर काजळी धर. ती काजळी लोखंडाच्या पोटाला पुसायची, लोखंड लाकडावर दाबून बसवायचं, उचलायचं. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं अडतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. घाई केली की संपलं, कारण काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

दोन्ही कडांना अडत होतं, ते काढलं. मग लोखंड खाली गेलं, पण पुढचा स्क्रू आवळला की मागची बाजू उचलायची आणि मागचा आवळला की पुढची. मोडक्या पाटासारखी डुगडुग. तशीच जबरदस्तीनं आवळली तर काडतूस आत सारायचा बोल्ट अडकायचा, मागंपुढं सरकायचाच नाही. म्हणजे मध्ये कुठंतरी उंचवटा होता. मी काजळी लावत राहिलो, खरवडत राहिलो. आई आबांना एकेक चमचा पेज भरवत होती. मध्येच विचारायची, “झालं का रं?” आणि आबा तिला गप्प करायचे, “करू दे त्याला. घाईचं काम न्हाई त्ये.” घाई कुणाला होती ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आणि मग माझा हात थांबला.

पन्नास वर्षं ज्या लाकडात लोखंड बसलेलं असतं, त्यात लोखंडाची काळी सावली उतरते. तेल मुरतं, वास मुरतो. हे लाकूड पटाशी लावीन तिथं आतून कोरं निघत होतं. आजोबांची रायफल अक्रोडाची होती, ते नेहमी सांगायचे. हा सरळ सरळ शिसव होता. आणि खोबणीच्या तळाला सुताराच्या पेन्सिलीची रेघ होती. लोखंड एकदा जरी नीट बसलं असतं तरी ती पुसून गेली असती. या लाकडाला लोखंड कधी लागलंच नव्हतं.

मी दस्ता उलटा केला. खांद्याला टेकते त्या टोकाला लोखंडी पट्टी असते. ती तेवढी जुनी होती, आजोबांच्या वेळची. तिच्यावरचा नंबर मला पाठ होता. पण तिच्यावर खपली धरली होती आणि स्क्रूच्या खाचेत राखाडी भुकटी बसली होती. भट्टीतून निघालेला माल मी रोज हातात घेतो. आगीतून गेलेल्या लोखंडाचा रंग मला कुणी सांगायला नको.

“बसलं का?” आतून आबा.

“अजून थोडं ऱ्हायलंय.”

मी फोन घेऊन विहिरीवर गेलो, आवाज घरात जाऊ नये म्हणून. आप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला. मी विचारलं, “आप्पा, पट्टी जळलेली कशी?”

पलीकडं कडबाकुट्टीचं मशीन चालू होतं. ते बंद झाल्याचं ऐकू आलं. मग आप्पा बोलले.

“बंबात घातला रे. त्याच दिवाळीला, पैल्या आंघोळीला. तेल लावून बसलो व्हतो आन् डोस्क्यात दादाच. कसा टाकला व्हता माझ्यापुढं, कुत्र्याला भाकर टाकावी तसा. उठलो, कुऱ्हाडीनं फोडला आन् घातला बंबात. पानी तापायच्या आत राग गेला बघ. पन तवर लाकूडबी गेलं व्हतं. सकाळी राख काढाया गेलो तर पट्टी घावली.”

“आणि हे?”

“दुसऱ्या वर्साला सुताराकडनं करून घेतला. माप कुठनं आननार? आठवून आठवून सांगितलं. त्यो करायचा, मी बघायचो, न्हाई म्हनायचो. लई महिने गेले त्यात.”

“मग तेव्हाच आणला का नाही?”

“देवाला काय सांगू? ‘या लाकडाला’ म्हनलो व्हतो मी. त्ये लाकूड तर मीच जाळलं. आता जलमभर चढायचा न्हाई उंबरा, आसं माझं मीच करून बसलो.”

दवाखान्याच्या गेटावरून ते माघारी का फिरले होते ते आता कळलं, तरी मी तोंडाला येईल ते बोललो. देवाला काढलं, सुताराला काढलं, त्या पंचांना काढलं. माझ्या सख्ख्या चुलत्याशी मी तसं कधी बोललो नव्हतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “तू जोड. जमंल तेवढं जोड. मी उद्या येतो. पन अंगनात थांबीन. उंबरा न्हाई चढनार.”

परत येऊन पुन्हा पटाशी हातात घेतली. राग उतरेपर्यंत आधी तिला धार लावत बसलो. मनात आलं, ज्यानं हे लाकूड आठवणीतून घडवलं, त्यानं खोबणीची लांबी बरोबर धरली होती, घोड्याची जागा बरोबर धरली होती, खालची दोन्ही भोकंही सुतासुतात होती. चुकलं होतं ते फक्त मधलं, न दिसणारं. मी कारखान्यात हा माल परत पाठवला असता. इथं मी तो जवळ जवळ दिवस मावळेपर्यंत खरवडत बसलो. उंचवटा निघाला, डुगडुग गेली. दोन्ही स्क्रू आवळले, बोल्ट ओढला. तो सरळ मागं आला, सरळ पुढं गेला. आत आबांनी तो आवाज ओळखला. “बसलं,” ते आपले आपणच म्हणाले.

मी आत जाऊन सांगितलं, उद्या आप्पा येतायत, पण अंगणातच थांबतो म्हणतायत. आबांच्या कपाळाला आठी पडली. “का? लाकूड-लोखंड एक झालं ना?” मी म्हटलं, “आहे काहीतरी त्यांचं.” आबा दम घेत घेत म्हणाले, “त्यानं चढनार न्हाई म्हनून भंडारा उचललाय. मी उतरनार न्हाई म्हनून न्हाई उचलला. मला भाईर काढा.”

आई एकदम ओरडली, “आवो, जित्या मानसाला खाटंवर भाईर काढत्यात व्हय? लोक काय म्हनतील?”

“लोकांनी काय कमी म्हनलंय आजवर?”

सकाळी शेजारच्या दोघांना बोलावून आम्ही खाट उचलली. आई पुढं पुढं करत होती आणि सारखी बजावत होती, डोकं आधी, डोकं आधी, पाय पुढं करू नका. पाय पुढं करून मेलेल्या माणसाला काढतात. दारातून खाट आडवी निघेना, तिरकी करावी लागली, आबा एका अंगावर घसरले आणि कण्हले. अंगणातल्या लिंबाखाली खाट टेकवली. त्यांना कितीतरी दिवसांनी ऊन लागलं. त्या उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसला. घरातल्या अंधारात आम्हाला ते किती गेलेत हे कळलंच नव्हतं.

आप्पा आले ते फाटकापाशी थांबले. टोपी काढून हातात घेतली. आबांनी नुसता हात हलवला, ये म्हणून. आप्पा येऊन खाटेच्या बाजूला जमिनीवर बसले. मी रायफल आणून आबांच्या मांडीवर ठेवली. त्यांना तिचं वजन पेलेना, म्हणून खालून हात लावून धरली.

आबांनी दस्त्यावरून पंजा फिरवला. एका जागी अंगठा थांबला, पुढं गेला, परत मागं आला. तिथं मूळ लाकडाला एक खोक होती, आजोबांच्या हातून विहिरीच्या काठावर रायफल आदळली होती त्याची. अंगठा ती शोधत होता. आप्पा त्या अंगठ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता भडका उडणार. आबांना ओळखणारा कुणीही हेच म्हणाला असता.

आबांनी विचारलं, “कवा करून घेतलं ह्ये?”

आप्पांनी मान खाली घातली. “लई वर्सं झाली, दादा.”

“मग तवाच का न्हाई आलास?” आबा म्हणाले. “मी काय लाकूड बघनार व्हतो व्हय?”

आप्पांनी खाटेच्या काठावर कपाळ टेकलं. म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही. मी रायफल उचलून पडवीत नेली. आता ती शिरूरला ठाण्यात जमा आहे. आमच्यापैकी कुणी ती परत मागितलेली नाही.

दिवसभर दोघं बोलत बसले. मोठं काही नाही. कांदा काय भावानं गेला, भीमेला पाणी किती, कोण कोण गेलं. आबांना दोन वाक्यांवर दम लागायचा, मग आप्पा उरलेलं बोलायचे. मला मध्येच इतका राग यायचा की उठून रानात जावंसं वाटायचं. एवढंच तर बोलायचं होतं. यासाठी यांनी सगळा जन्म घालवला.

ऊन उतरल्यावर खाट आत न्यायची वेळ झाली. आप्पांनी स्वतः डोक्याकडचा एक पाय उचलला. अंगण ओलांडलं, पडवी चढले. उंबऱ्यापाशी आल्यावर ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो, खाट हातात घेऊन. मग ते मला म्हणाले, “धर रं.” मी धरली. ते बाजूला झाले. आबा मान वळवून बघत होते. ते म्हणाले, “राहू दे. न्हाई चढला तरी चालंल.” पण ते खरं नव्हतं, मी त्यांच्या उशाशीच होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता.

आप्पा दौंडला परत गेले नाहीत. आबांच्या खोलीला अंगणाकडं खिडकी आहे. तिच्याखाली ते घोंगडं टाकून बसायचे, तिथंच जेवायचे, आई ताट बाहेर नेऊन द्यायची. आत आबा, बाहेर आप्पा, मध्ये गज. आबा खोकले की बाहेरून आवाज यायचा, “दादा?” आणि आबा हूं म्हणायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी बाहेरून हाक आली आणि आतून हूं आलं नाही. आई किंचाळली तसे आप्पा धावत पडवीत आले, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि उंबऱ्याच्या अलीकडं उभे राहून आत बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा एक पाय उचललेला होता. तो त्यांनी परत खाली ठेवला.

पाहुणे जमले. आबांना अंघोळीसाठी बाहेर आणलं, या वेळी पाय पुढं करून. गरम पाण्याच्या घागरी भरत असताना माझं लक्ष गेलं तर आप्पा कुठं दिसेनात. मी पडवीत गेलो. ते आत होते. आबांच्या खोलीत, जिथं खाट होती त्या मोकळ्या जागेत जमिनीवर बसले होते आणि भिंतीला हात लावून बघत होते. मला म्हणाले, “आता ह्यो उंबरा त्याचा न्हाई ऱ्हायला.” मी बाहेर आलो.

तिरडी बांधून झाली. माणसं खोळंबली, कुणीतरी ऊन चढतंय म्हणालं. दोघातिघांनी दारातून हाका मारल्या तरी आप्पा उठेनात. शेवटी आई आत गेली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“चला भावजी,” ती म्हणाली. “ते थांबलेत.”